हापशाची बिअर कोमटच का?

प्रश्न : मी साताऱ्याचा, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलगा लंडनला नोकरीला आहे. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे होतो. एका रविवारी त्याने आम्हाला जवळच्या पबमध्ये नेलं आणि माझ्यापुढे एक भलामोठा ग्लास ठेवला. म्हणाला, "बाबा, ही बिटर. खास इथली." मी वर्षाकाठी दोन-तीनदा बिअर घेतो, पण घेतो ती बर्फासारखी गार. ही तांबूस, जवळजवळ बिनफेसाची, कोमट आणि चक्क कडू! मी म्हटलं, यांचा फ्रीज बंद पडलेला दिसतोय, परत दे. तर मुलगा आणि सूनबाई दोघंही हसायला लागले. अर्धा ग्लास तसाच सोडला. पाच पौंडांच्या वर किंमत, जीव हळहळला. परगावचे बघून आदल्या दिवशीचं गळ्यात मारलं, की ती तशीच असते? येत्या मे महिन्यात पुन्हा जाणं आहे, म्हणून विचारतो. — एक वाचक, सातारा

उत्तर : सर, तुम्हाला कोणी फसवलं नाही. फ्रीजही बंद पडला नव्हता, कारण ती बिअर फ्रीजमध्ये कधी गेलीच नव्हती. आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नका. मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ आसवनीकडे, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढतात तिथे. मळी, यीस्ट, आंबवण, ब्रिक्स हे माझं रोजचं दळण. तरी मुलीकडे लीड्सला गेलो तेव्हा बिटरचा पहिला घोट घेऊन मीही जावयाकडे तुमच्यासारखंच बघितलं होतं. (सासऱ्याने जावयासमोर ग्लास धरायचा म्हणजे आधीच घोट घशाखाली उतरत नाही, त्यात हे.)

आधी तो 'कोमट'चा आरोप काढून टाकू. बिटर पबच्या तळघरात 11 ते 13 अंश सेल्सियसला ठेवतात. डिसेंबरात साताऱ्याला पहाटे नळाचं पाणी तोंडावर मारता, त्याला तुम्ही कोमट म्हणता का? शिव्या देता. आपल्याला सवय चार-पाच अंशांवरच्या लागरची, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या फिकट, फेसाळ बिअरची, म्हणून बारा अंश कोमट वाटतात. घरातलंच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात माठातलं पाणी पिऊन समाधान होतं, फ्रीजच्या बाटलीने नुसते दात शिवशिवतात. आमरस फ्रीजमधून काढल्या काढल्या वाढला तर हापूस कुठला आणि पायरी कुठली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. पाच मिनिटं ताटात राहिला की वास उठतो. गारठ्याने जीभ बधिर होते आणि वास पातेल्यातच बसून राहतो. लागरला ते चालतं, तिचा अर्धा आनंद गारव्यातच आहे. बिटरला तेवढं गार केलं तर तिच्याजवळचं सगळं जातं, कडूपणा तेवढा मागे राहतो.

आता फेस. तुमच्या मुलाने ग्लास आणला तेव्हा काउंटरवर एक लांब उभा दांडा होता का? बाटलीही नाही, छोटा नळही नाही, मूठ असलेला दांडा, जो पलीकडचा माणूस पोटाकडे ओढतो. तो हापसा आहे सर. जत-आटपाडीकडे रस्त्याकडेला असतो तसलाच, फक्त पितळी टोपीचा नि चिनीमातीच्या मुठीचा. खाली तळघरात पिंप, वर हा हापसा, दोन-चार वेळा ओढला की ग्लास भरतो. याचं पेटंट 1797 साली घेतलं जोसेफ ब्रामाने. तोच, ज्याच्या दाबयंत्राची आकृती पास्कलच्या नियमाखाली काढायला लावायचे. तुम्ही विज्ञान शिकवलं असेल तर ती फळ्यावर काढून काढून तुमचा हात दुखला असेल. ब्रामा मूळचा यॉर्कशायरचा, म्हणजे लीड्सच्याच मुलखातला, हे मला तिथे जाऊन कळलं.

हापसा आहे याचा अर्थ खालून वायूचा दाब देऊन बिअर वर ढकललेली नाही. तिच्यात वायू आहे तेवढा तिचा स्वतःचा, यीस्टने पिंपात तयार केलेला. लागरच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ती नाकात जात नाही, ढेकरही फारसा येत नाही. उत्तरेकडे, म्हणजे माझ्या लेकीच्या भागात, हापशाच्या तोंडाला बारीक भोकांची एक चकती लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यातून आली की बिअरवर सायीसारखा जाड थर बसतो. लंडनकडे सहसा लावत नाहीत. त्यावरून उत्तर-दक्षिणेत जे वाद चालतात ते ऐकून मला कोल्हापूर-सांगलीचे मिसळीवरचे वाद आठवले. तुम्ही लंडनला प्यालात म्हणून बिनफेसाची. लीड्सला प्यालात असता तर तक्रारीचं एक कलम कमी झालं असतं.

'आदल्या दिवशीचं' हा तुमचा संशय मात्र मला फार आवडला, कारण गंमत तिथेच आहे. ती खरंच आदल्या दिवशीची असू शकते, आणि असली तर बरंच. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा आत जिवंत यीस्ट असतं. पिंप तळघरात आडवं ठेवतात, ते आत मंदपणे आंबत राहतं, निवळतं, मग पबवाला लाकडी खुंटी मारून त्याला श्वास घ्यायला लावतो. कधी उघडायचं हे त्याचं कसब. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे 72 पाइंट (पाइंट म्हणजे तुमच्यापुढे आला तसला भलामोठा ग्लास). एकदा उघडलं की आत हवा शिरते आणि घड्याळ सुरू होतं. पहिल्या दिवशी ती जरा हिरवट, दुसऱ्या दिवशी रंगात येते, तीन-चार दिवसांत संपवावीच लागते. आपल्याकडे पहाटेची नीरा ऊन चढल्यावर नीरा राहत नाही, त्याच जातीचं हे प्रकरण, फक्त संथ. बाटलीबंद लागर सहा महिने कपाटात झोपून राहते. बिटर तुमच्यासमोर म्हातारी होते.

आता कडूपणाकडे येतो. इंग्रजांनी तिला बिटर म्हटलं आणि आपण त्याचं भाषांतर 'कडू' करून बसलो, तिथे घोटाळा झाला. कडू कारलं. कडू पाडव्याचा लिंबाचा पाला. बिटर तशी नसते. तिच्यासाठी आपल्या आजीबायांनी शब्द करून ठेवलाय : कडसर. मेथीची कोवळी भाजी कडसर असते. आधी गोडूस लागते, गिळल्यावर घशाशी एक कडसर रेघ राहते, आणि त्या रेघेमुळेच पुढचा घास हवासा वाटतो. बिटरचं नेमकं तसंच आहे. हे तुरटपणाहून वेगळं, बरं का. जास्त उकळलेला चहा जिभेला खरवडतो तो तुरट. बिटर तुरट लागली तर ती चांगली नाही. नावही काही ब्रुअरीवाल्यांनी ठेवलेलं नाही. ते तिला पेल एल म्हणत, म्हणजे फिकट एल; एल हा बिअरचाच एक जुना इंग्लिश प्रकार. पबमध्ये दुसरी एक मवाळ एल मिळायची, माइल्ड. तिच्यापासून वेगळी मागता यावी म्हणून गिऱ्हाइकांनीच हिला बिटर करून टाकलं.

ही कडसर रेघ येते हॉप्समधून. वेल असते, केंटकडे उंच तारांवर चढवतात, तिची पोपटी कणसासारखी फुलं काढून वाळवतात. फगल आणि गोल्डिंग ही जुनी इंग्लिश नावं. वास मातकट, गवताचा, थोडा मधाचा. वनस्पतिशास्त्रात ती भांगेच्या कुळातली आहे. संपादकांनी हे वाक्य ठेवलं तर पत्रं येणार, म्हणून आधीच सांगतो, भांगेची नशा तिच्यात नसते. फुलं नुसती भिजवून कडूपणा उतरत नाही, खळखळून तासभर उकळावी लागतात; उकळल्यावर त्यांतली आम्लं रूप बदलतात आणि पाण्यात विरघळतात. शिवाय त्यांच्यामुळे बिअर लवकर नासत नाही.

त्या कडसर रेघेच्या अगोदरचं गोडूस जे आहे ते माल्टचं. माल्ट म्हणजे काय हे घरात विचारा. नातवंडांसाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून सत्व करतात ना? तेच सातूचं केलं की माल्ट. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात, भाजल्यावर बिस्किटासारखा वास आणि तो तांबूस रंग येतो. तुम्ही अर्धा ग्लास सोडलात तो नेमका गोडूसपणा यायच्या आधी, असं माझं मत. पहिले तीन-चार घोट जीभ नुसती 'गार नाही, गार नाही' असं ओरडत असते.

तरीही खराब ग्लास येतो, ते कबूल करतो. माझ्याच वाट्याला आला. लीड्सजवळच्या एका गावात, नाव नको, मंगळवारची दुपार, पबमध्ये आम्ही धरून पाच माणसं. घोट घेतला आणि मला माझी आसवनी आठवली : बिघडलेली व्हॅट, म्हणजे आंबवणाची टाकी. व्हिनेगर. नाकाने ओळखलं, ॲसिटिक ॲसिड. पण परक्या देशात बोलायचं कसं म्हणून सांगलीच्या माणसाने तीन घोट मुकाट गिळले. जावईबापूंनी माझं तोंड पाहिलं, ग्लास उचलून वास घेतला आणि सरळ काउंटरवर नेला. मला वाटलं आता भांडण. तिथल्या बाईने वास घेतला, दुसऱ्या हापशाची बिअर भरून दिली, पैसे विचारले नाहीत. मग पहिल्या हापशाच्या दांड्यावर बिअरच्या नावाची जी रंगीत पाटी असते, ती तिने हाताने उलटी फिरवली. पाटीची कोरी पाठ आमच्याकडे. म्हणजे हे पिंप बंद. मी त्या पाटीकडे बराच वेळ बघत बसलो होतो. कारखान्यात एखादी अख्खी व्हॅट बाद करायची तर तीन सह्या लागायच्या.

तेव्हा कडसर लागली तर पिऊन बघा. आंबट, व्हिनेगरसारखी किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर परत द्या, ते वाईट वाटून घेत नाहीत.

मे महिन्यात एवढं करा. टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं असतं. आधी चव मागा, बऱ्याच ठिकाणी घोटभर देतात. मग अर्धा पाइंट घ्या. पूर्ण पाइंट 568 मिलीलिटर, म्हणजे तुम्ही हिशेबाशिवायच लढाईत उतरला होता. तुम्ही लंडनला, तर लंडन प्राइड नावाची बिटर बघा, हापशाची 4.1 टक्के. मुलाबरोबर कधी उत्तरेकडे गेलात तर कीथली गावच्या टिमोथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड, 4.3 टक्के, ती माझी आवडती, आणि या बाबतीत मी निःपक्षपाती नाही. मास्तरांना हिशेब लागतोच म्हणून : 4.1 टक्क्यांच्या पाइंटमध्ये अल्कोहोल साधारण 23 मिलीलिटर, आपल्याकडची आठ टक्क्यांची 650 मिलीलिटरची स्ट्राँग बाटली घेतली तर 52. दोन तास गप्पा मारायच्या त्या देशात हे असंच हवं. घोट घेतल्यावर थुंकू नका, गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात, कारण कडसर रेघ गिळल्यावर येते. आणि ग्लास दहा मिनिटं तसाच राहू द्या. सूनबाईंना हसू द्या.

प्रश्न : आमचे हे माळकरी आहेत, दारूचा प्रश्नच नाही. पण मुलगी आणि जावई मँचेस्टरला असतात, दोघंही शाकाहारी, तरी पबमध्ये जातात. परवा फोनवर जावई म्हणाले की तिथल्या बिअरमध्ये मासा असतो. थट्टा करतात की खरं? — एक वाचिका, मिरज

उत्तर : ताई, थट्टा नाही. पिंपातलं यीस्ट खाली बसावं म्हणून त्यात आयसिंग्लास नावाचं द्रव्य घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाला सोन्याचा भाव येतो तो याच पिशवीसाठी. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी आलं की आपण हंड्यात तुरटी फिरवतो, गाळ तळाशी जातो, वरचं पाणी नितळ. इथे तुरटीच्या जागी मासा, एवढाच फरक. बहुतेक सगळं गाळाबरोबर पिंपाच्या तळाशी राहतं, पण 'बहुतेक' हा शब्द माळकऱ्याच्या घरात चालणार नाही हे मला कळतं. तिथल्या कायद्याने हे पाटीवर लिहायचं बंधनही नाही, त्यामुळे मुलांनी काउंटरवर विचारायलाच हवं. न निवळलेली, थोडी ढगाळ बिअर 'अनफाइन्ड' म्हणून आता मिळते, काही ब्रुअरी माशाऐवजी दुसरं काही वापरतात. बिअर ढगाळ दिसली म्हणून मुलांनी परत देऊ नये, एवढं मात्र सांगा. आणि यजमानांना हे पत्र दाखवू नका.

प्रश्न : मी पलूसचा, द्राक्ष आणि ऊस करतो. युट्यूबवर बिटरबद्दल पाहिलं. इथे कुठे मिळेल? नाहीतर घरीच करावी म्हणतो, यीस्ट ऑनलाइन मिळतंय. पाण्याचं काही असतं का? — एक तरुण वाचक

उत्तर : घरी करू नकोस बाबा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं, आंबवणं गुन्हा आहे, 1949चा कायदा आहे. द्राक्षाच्या हंगामात पोलीस ठाण्यात बसावं लागलं तर फवारणी कोण करणार? हापशाची बिटर सांगलीत मिळत नाही, ती प्रवासाची नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत इंग्लिश एलच्या बाटल्या कधीमधी दिसतात. त्या वाईट नसतात, पण बाटलीतली म्हणजे फोटोतली. पुण्याच्या मायक्रोब्रुअरींमध्ये ताजी एल मिळते. जरा गार कमी करून द्या म्हणून सांग, वेटर विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पाण्याचं मात्र तू नेमकं विचारलंस. इंग्लंडात बर्टन-ऑन-ट्रेंट नावाचं गाव आहे, तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं. जिप्समचं सल्फेट हॉप्सचा कडसरपणा धारदार आणि कोरडा करतं, म्हणून पेल एलमध्ये त्या गावाचं नाव झालं. आपल्या हिंदुस्थानात जहाजाने पाठवायची एलही तिथे होऊ लागली, तिचंच नाव पुढे इंडिया पेल एल. बर्टनच्या बिअरला कधी कधी नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा वास येतो, तोही सल्फेटचाच. पुढे इतर गावचे लोक आपल्या पाण्यात पोत्यातलं जिप्सम मिसळून बर्टनची नक्कल करायला लागले. तू तुझ्या चोपण रानात जे जिप्सम टाकतोस, तेच. मात्र तुमच्याकडच्या बोअरचं खारं पाणी वेगळं, त्यात मीठ असतं, त्याची ना एल होते ना चहा. आमच्या विश्रामबागेतल्या बोअरच्या पाण्याचा चहा पिऊन बघ, मग तुरट म्हणजे काय ते कळेल.

एक सोपी गोष्ट मात्र सांगलीत बसून करता येते. हॉप्सचा वास कसा असतो ते नाही कळणार, पण कडसर कळेल. मेथीचे दहा दाणे रात्री पाण्यात टाक, सकाळी ते पाणी गाळून त्यात चमचाभर काकवी घाल, माठाजवळ अर्धा तास ठेव आणि गिळ. आधी काकवी येते, मग मेथी येते. मी हे बायकोला करून दाखवलं. ती म्हणाली, यासाठी लीड्सपर्यंत गेला होतात?